पाठ्यपुस्तकातील चित्र आणि घरकामाची वाटणी

बाईचे काम कोणते आणि पुरुषाचे कोणते, हे मूल मोठ्यांकडे पाहून शिकते. शाळेच्या पुस्तकातील चित्रेही त्याच समजुतीला दुजोरा देत आली. ‘बालभारती’ने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या नव्या पुस्तकांत स्त्री-पुरुष दोघांनाही भाजी निवडताना दाखविले, केरळच्या तिसरीच्या पुस्तकात २०२४ मध्ये वडील नारळ खवताना दिसले. चित्र बदलणे तुलनेने सोपे होते.

घरातील वाटणी मात्र फारशी हललेली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार दिवसभरात ८१.२ टक्के स्त्रिया विनामोबदला घरकाम करीत होत्या, पुरुष २६.१ टक्के. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात सरासरी २९९ मिनिटे वेळ जाई, पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे स्त्रियांचा भार किंचित हलका झाला, पण तो पुरुषांनी अधिक वेळ देऊन उचललेला दिसत नाही. या सर्वेक्षणात सहा वर्षांच्या मुलामुलींपासून नोंद होते. दुसरीचे पुस्तक त्यांच्या हाती येते ते साधारण सातव्या वर्षी.