हॉवर्डचे विधी विद्यालय : खटले वर्गात कसे घडले

अॅट्रॉसिटीच्या खटल्यासाठी ज्यांनी कोर्टात हेलपाटे घातले आहेत, त्यांना हे चित्र नवे नाही. फिर्यादी आपला, साक्षीदार आपले, बाहेर घोषणा देणारेही आपलेच. कागद मात्र कच्चे. जबाब अर्धवट, पंचनाम्यात जागेचे वर्णन चुकलेले, जातीचा दाखला वेळेवर जोडलेला नाही. आरोपी सुटतो आणि आम्ही व्यवस्थेला शिव्या घालत घरी येतो. शिव्या खोट्या नसतात. पण आपल्या समाजात वकील किती झाले हे आम्ही अभिमानाने मोजतो, आणि ते कशासाठी घडवायचे हे फारसे विचारत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी हा प्रश्न एका विद्यापीठाच्या विधी विद्यालयात विचारला होता. त्याचा इतिहास आपल्या तरुणांना ठाऊक असायला हवा.

अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ साली संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. दोन वर्षांनी, १८६७ मध्ये, वॉशिंग्टन शहरात काँग्रेसच्या कायद्याने हॉवर्ड विद्यापीठ स्थापन झाले. नाव जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांचे. मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे ते प्रमुख होते. जानेवारी १८६९ मध्ये तिथे कायद्याचा विभाग सुरू झाला. विद्यार्थी सहा, शिक्षक चार. वर्ग आठवड्यातून तीन संध्याकाळी, शिक्षकांच्या घरी नाहीतर कचेरीत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून फेब्रुवारी १८७१ मध्ये पहिले दहा पदवीधर बाहेर पडले.

पहिले अधिष्ठाता जॉन मर्सर लँगस्टन. त्यांची आई पूर्वी गुलाम होती. ते ओबर्लिन कॉलेजचे पदवीधर, पण कायदा शिकायला एकाही शाळेने त्यांना घेतले नाही. एका वकिलाच्या हाताखाली वाचून ते १८५४ मध्ये ओहायोत वकील झाले. ज्याला दारातून परत पाठवले होते, त्यानेच दार उभे केले. पुढे ते विद्यापीठाचे हंगामी अध्यक्षही झाले, पण कायमचे अध्यक्षपद देताना विश्वस्तांनी त्यांना डावलले आणि १८७५ मध्ये ते बाहेर पडले. कृष्णवर्णीयांसाठीच्या विद्यापीठाला कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळायला १९२६ साल उजाडले. आपल्या नावाने चालणाऱ्या संस्थांच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला असतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

१८७२ साली शार्लट रे इथून पदवी घेऊन अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील झाल्या. पण वर्ण आणि बाईपण दोन्ही आड आले, वकिली चालेना. शेवटी त्या शाळेत शिकवू लागल्या. पदवी मिळाली म्हणजे अशील मिळतात असे नाही.

पुढची पन्नासेक वर्षे भराभर सांगता येतील. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ असा शिक्का मारून वर्णभेद कायदेशीर केला. हॉवर्डचे कायद्याचे वर्ग मुख्यतः संध्याकाळीच चालत राहिले. दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करायची आणि रात्री कायदा वाचायचा, असे विद्यार्थी. युद्ध खात्यातले एक कारकून, विल्यम ह्यूस्टन, असेच शिकून वकील झाले. त्यांचा मुलगा चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन.

हा मुलगा पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी होता. तिथला वर्णद्वेष पाहून त्याने कायदा शिकायचे ठरवले. हार्वर्डच्या कायद्याच्या नियतकालिकाचा तो पहिला कृष्णवर्णीय संपादक सदस्य. १९२४ पासून ह्यूस्टन हॉवर्डमध्ये शिकवू लागले आणि १९२९ मध्ये उपाधिष्ठाता म्हणून विद्यालयाची सूत्रे त्यांच्या हाती आली. ज्या रात्रीच्या वर्गांनी बापाला वकील केले, ते मुलाने बंद केले.

ओरड झाली. माजी विद्यार्थी संतापले: पोट भरत शिकणाऱ्या गरिबाने जायचे कुठे? ह्यूस्टन ऐकेनात. पूर्णवेळ शिक्षक आणले, ग्रंथालय वाढवले, प्रवेश कडक केले. विद्यार्थिसंख्या घसरली. १९३१ मध्ये विद्यालयाला बार असोसिएशनची आणि विधी विद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. त्यांचा हिशेब साधा होता. दक्षिणेत नव्वद लाख कृष्णवर्णीय आणि त्यांच्यात पूर्णवेळ वकिली करणारे जेमतेम शंभर. गोऱ्या न्यायाधीशासमोर अर्धवट तयारीचा वकील उभा राहिला तर तो एकटा हरत नाही, हे त्यांना दिसत होते. वकील एक तर समाजाची नवी रचना करणारा अभियंता असतो, नाहीतर समाजावर वाढलेले बांडगूळ, असे ते वर्गात सांगत. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘लोखंडी बूट’ म्हणत.

त्या वर्गात बाल्टिमोरहून रोज रेल्वेने ये-जा करणारा एक मुलगा होता, थर्गुड मार्शल. त्याच्या गावच्या मेरिलँड विद्यापीठाचे विधी विद्यालय कृष्णवर्णीयांना घेत नव्हते. फीसाठी आईने अंगठ्या गहाण टाकल्या. १९३३ मध्ये तो वर्गात पहिला आला, आणि दोन वर्षांनी गुरुशिष्यांनी त्याच मेरिलँड विद्यापीठाला कोर्टात खेचले. डोनाल्ड मरे या विद्यार्थ्याला तिथे प्रवेश मिळाला. १९३६ मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम केला. १९३८ मध्ये लॉइड गेन्सचा मिसूरीचा खटला ह्यूस्टन सर्वोच्च न्यायालयात जिंकले. १९४८ मध्ये ओक्लाहोमा, १९५० मध्ये टेक्सास.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. हे सगळे खटले विधी विद्यालयांच्या प्रवेशाचे आहेत. शाळेतल्या बाकांचे नाहीत, बसचे नाहीत. कारण न्यायाधीश स्वतः विधी विद्यालयातून गेलेला असतो. चार खोल्या आणि थोडी पुस्तके देऊन ‘समान’ विद्यालय होत नाही, हे त्याला पटवावे लागत नाही. शत्रूच्या तटाला कुठे खिंडार आहे ते हेरून तिथेच पंधरा वर्षे घाव घातले. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी नवा मुद्दा आणि नवी समिती.

पुराव्याचेही तसेच. ह्यूस्टन दक्षिणेत फिरले, मोडक्या शाळांचे चित्रीकरण करून आणले. मोठा खटला सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी हॉवर्डमध्ये त्याची तालीम होई. प्राध्यापक न्यायाधीश बनून वकिलांना घाम फोडत आणि विद्यार्थी बसून पाहत. १९३८ मध्ये जेम्स नॅब्रिट यांनी नागरी हक्कांच्या कायद्याचा स्वतंत्र अभ्यासक्रमच सुरू केला.

या गौरवात एक काळा डाग आहे, तो झाकणे आम्हाला जमणार नाही. १९४१ मध्ये पॉली मरे ही विद्यार्थिनी आली, वर्गात एकटी मुलगी. बायका कायदा शिकायला का येतात कोण जाणे, असे एका प्राध्यापकाने पहिल्याच दिवशी म्हटले आणि वर्ग हसला. ‘वेगळे पण समान’ला आता थेट आव्हान द्या, असे ती म्हणाली तेव्हाही हसला. पंचवीस वर्षांत प्लेसी निकाल उलटेल, अशी दहा डॉलरची पैज तिने प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी लावली. १९४४ मध्ये ती वर्गात पहिली आली. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात प्लेसीचे तत्त्व शाळांपुरते कोसळले. त्या खटल्याच्या तयारीत रॉबिन्सन यांनी तिचा विद्यार्थिदशेतला निबंध काढून वाचला होता, हे तिला नंतर, त्यांच्याच तोंडून कळले. ह्यूस्टन तो निकाल पाहायला नव्हते; एप्रिल १९५० मध्येच ते गेले.

१९३५ मध्ये ह्यूस्टन हॉवर्ड सोडून खटल्यांच्या कामाला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. योगायोगच. तेव्हा महाडच्या तळ्याचा दावा चालूच होता: डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झालेला, १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात जिंकलेला. सवर्णांना अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध करता आली नाही. सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो. दहा वर्षांच्या दाव्याची कागदपत्रे किती जणांनी वाचली?

पण रात्रीच्या वर्गांबाबत बाबासाहेबांची वाट वेगळी. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी त्यांनी वर्ग सकाळी ठेवले. सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ चे. आमच्यातले काही वकील मित्र ह्यूस्टनची बाजू घेतात. आम्हाला ती अर्धीच पटते. हॉवर्डला धार आली ती पूर्णवेळ शिक्षक, ग्रंथालय आणि ठरवलेल्या लक्ष्यामुळे. घड्याळाचा त्यात काय संबंध? तीच धार सकाळी सातच्या वर्गाला का येऊ नये? ती येत नाही कारण मास्तर हजेरी घेऊन निघून जातो आणि मुले गाइड पाठ करतात.

पुढच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही भाषणे ठेवलेली नाहीत. अॅट्रॉसिटीच्या खटल्यांत आरोपी निर्दोष सुटले, अशी निकालपत्रे ओळ न ओळ वाचायची आहेत: कुठला कागद कमी पडला, कुठल्या प्रश्नाला साक्षीदार ढळला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी यावेच. ज्यांच्याकडे आपल्या तालुक्यातल्या अशा निकालाची प्रत असेल, त्यांनी ती सोबत आणावी.