सड्यावरची राख

विजयदुर्गच्या धक्क्यावर, तिन्हीसांजेला, एका ओळखीच्या गृहस्थाने मला विचारले, "बापाशीन सांगान ठेवल्यान हा, माझी राख सड्यार टाका म्हणान. भटजी म्हणतत, असा चलाचा नाय. तू इतक्या वाचतस, सांग मरे, चलता काय नाय?"

वडील जाऊन चार दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी राख सावडून अस्थी मडक्यात भरल्या होत्या. मडके घरात नेत नाहीत म्हणून फडक्यात बांधून ते कुंपणालगतच्या झाडाला टांगलेले होते. दहाव्याच्या आत निर्णय व्हायला हवा होता. थोरल्या भावाचे म्हणणे, खाडीच्या तोंडाशी आजोबांच्या गेल्या, पणजोबांच्या गेल्या, यांच्याही तिथेच जातील. बहिणीचे म्हणणे, नाशिकला नेऊ. या धाकट्याला मात्र बापाचा शब्द मोडवत नव्हता. म्हातारा लहानपणी त्या सड्यावर गुरे राखायचा. पुढे पस्तीस वर्षे मुंबईत नोकरी करून परत आला, तेव्हाही रोज संध्याकाळी काठी टेकत सड्यावर जायचा.

मी तेव्हा उत्तर दिले नाही. "बघतो," म्हणालो. मी संस्कृतचा पंडित नाही. जे वाचले ते भाषांतरांच्या आधाराने आणि कोशाचे बोट धरून. पण त्या 'बघतो'ने मला पुढची दोन-तीन वर्षे कामाला लावले.

आधी जागेविषयी सांगायला हवे. वाघोटण नदीची खाडी जिथे समुद्राला मिळते, त्या मुखावर विजयदुर्ग उभा आहे. नदी आणि सागर मिळतात म्हणजे संगम. संगम म्हणजे तीर्थ. त्यामुळे या किनाऱ्यावर अस्थी कुठे सोडायच्या, हा प्रश्न सहसा पडलाच नाही. ओहोटी लागली की पाण्यात उतरायचे आणि मडके सोडून द्यायचे. उरलेले काम समुद्र करतो. ज्यांच्याकडे पैसा आणि सवड होती ते नाशिकच्या रामकुंडात जात, फार थोडे काशी-प्रयागला. रामकुंडात अस्थिविलय तीर्थ आहे आणि तिथे अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. रेल्वे येण्यापूर्वी काशी म्हणजे कित्येक महिन्यांची पायपीट. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857च्या धामधुमीतून परत आले ते गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. कोकणी माणसाला गंगेपर्यंत जाणे अवघड होते, म्हणून गंगाच घरी आणायची. राजापूरजवळ उन्हाळ्याला साधारण तीन वर्षांनी झरे फुटतात, त्यांनाही आपण गंगाच म्हणतो. गंगेची ओढ होती, पण गंगेवाचून कोणाचे काही अडले नाही.

आता भटजींच्या 'चलाचा नाय'कडे वळू. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड 1953मध्ये निघाला. त्यात अंत्येष्टी, अशौच, श्राद्ध आणि तीर्थयात्रा हे विषय येतात. माझ्यासारख्याने सुरुवात तिथूनच करायची असते. तिथून मागे जात मूळ ग्रंथांपर्यंत पोहोचलो, तेव्हा मला थोडे हसू आले आणि थोडा रागही. ज्याला आपण अनादी रीत समजतो, ती तशी अनादी निघाली नाही.

आश्वलायन गृह्यसूत्र हे कोकणातल्या पुष्कळ ऋग्वेदी घरांचे सूत्र. त्यात अस्थिसंचयनाचा विधी आहे. अंगठा आणि अनामिका एवढ्या दोनच बोटांनी एकेक अस्थी उचलायची, आवाज होऊ द्यायचा नाही. पायांपासून सुरुवात करायची, डोके शेवटी. मग त्या सुपाने पाखडून मडक्यात भरायच्या. हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण आजही आपण बरेचसे असेच करतो. पण यापुढे सूत्र वेगळ्या वाटेने जाते. मडके घेऊन नदीवर जा असे ते म्हणत नाही. खड्डा खणा म्हणते. जिथे पावसाच्या पाण्याखेरीज चहूकडून दुसरे पाणी वाहून येणार नाही अशा जागी, त्या खड्ड्यात मडके ठेवायचे आणि माती घालायची.

शतपथ ब्राह्मण त्याहून जुने. त्याच्या तेराव्या कांडात अस्थींवर उभारायच्या मातीच्या ढिगाचे वर्णन आहे. 'श्मशान' हा शब्द तिथे या ढिगाला आहे, चितेच्या जागेला नव्हे. जागा कशी हवी? रम्य आणि शांत, उत्तरेकडे उतरती, वनस्पती उगवणारी. आणि गावातून न दिसणारी. दिसली तर ती खुणावते आणि गावातले आणखी कोणी लवकर तिच्यामागे जाते. काम लगेच करायचे नाही. बराच काळ जाऊ द्यायचा, इतका की वर्षे किती झाली हे लोकांच्या ध्यानात राहू नये. मग ती भूमी बैलांनी नांगरायची, सर्व औषधींचे बी पेरायचे, अस्थी ठेवायच्या. वर पुन्हा जव पेरायचे.

गावाबाहेर, नजरेआड, उतारावर, गवताझाडांच्या सोबतीला. हे वर्णन कोणाही कोकणी माणसाने ऐकावे आणि सांगावे, की हा तर सडा.

गंगेचे माहात्म्य नंतर चढत गेले. विष्णुधर्मसूत्रात ते स्पष्ट येते: चौथ्या दिवशी अस्थी गोळा करून गंगेत टाकाव्यात, आणि जितक्या अस्थी गंगेत राहतील तितकी हजार वर्षे तो माणूस स्वर्गात राहतो. पुराणांनी हे उचलले, तीर्थोपाध्यायांनी त्याची व्यवस्था बसवली. मी त्याला खोटे म्हणत नाही. रीत हीच कालांतराने श्रद्धा होते आणि ती माणसाला आधार देते. पण पाण्याखेरीज गती नाही असे कोणी सांगू लागले, तर त्याच्याच घरचे सूत्र त्याच्यापुढे ठेवावे लागते.

तरीही माझे मन या शोधावर थांबेना. कारण धाकट्या मुलाचा खरा प्रश्न शास्त्राचा नव्हताच. सड्यावर राख सोडली तर बाप 'नीट' गेला असे आपल्याला वाटेल का, हे त्याला हवे होते. राख हातात घेऊन ती कुठेतरी सोडणे, याची गरज कोणाला असते? याचे उत्तर मला सापडले ते राख हाती आली नाही त्या ठिकाणी.

या किनाऱ्यावर अशी घरे पुष्कळ. गाबीत वस्तीत कोणालाही विचारा. वादळात होडी गेली, माणूस सापडला नाही. त्यासाठी शास्त्रात पालाशविधी आहे. पळसाच्या पानांचे 360 देठ घेऊन त्यांचे मनुष्यरूप करायचे, कोणत्या अवयवाला किती देठ हेही ठरलेले, आणि त्या पुतळ्याला अग्नी द्यायचा. म्हणजे जळायला काही नसेल तर जाळण्यासाठी काही तयार करायचे आणि मग त्याची राख सावडायची. बेपत्ता माणसासाठी स्मृतींनी बारा वर्षे वाट पाहायला सांगितले आहे. 1872च्या पुरावा कायद्याने ती सात वर्षांवर आणली. कायद्याची सात वर्षे वारसा आणि मालमत्ता यांसाठी असतात. पुतळा हा कुंकू पुसायचे की नाही, यासाठी.

कुंकू न पुसण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पानिपतचे. 14 जानेवारी 1761. काशीराजाने लिहून ठेवले आहे, की रणांगणावर एक शिरच्छेद झालेला देह सापडला, तो खुणांवरून सदाशिवराव भाऊंचा ठरला आणि त्याला अग्नी देण्यात आला. म्हणजे चिता झाली. पण पुण्याच्या कोणी ती पाहिली नाही. पार्वतीबाईंनी नवऱ्याचा मृत्यू मान्य केला नाही. त्या सवाष्णच राहिल्या. भाऊ जिवंत आहेत ही वावडी विझेना. त्या वावडीतून एक तोतया उभा राहिला. त्याला पकडून कोकणात रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवले होते. सवाई माधवराव लहान असताना, इकडे राघोबादादांचे राजकारण चालू होते तेव्हा, तिथल्या अधिकाऱ्यानेच त्याला सोडले. काही महिन्यांत त्याच्यामागे हजारो माणसे जमली आणि कोकणातले अनेक किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी रघूजी आंग्र्यांनी त्याला धरले आणि 1776मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले ते आपण जाणतोच. नाटकात कपट, महत्त्वाकांक्षा आणि राजकारण आहे. पण या बंडाच्या मुळाशी एक साधी उणीव होती असे मला वाटते. भाऊंची राख घरच्या कोणाच्या हाताला लागली नव्हती.

इतिहासकार या विधानावर नाक मुरडतील. मुरडोत. राघोबांचे राजकारण नसते तर तोतया वाढला नसता हे खरेच. पण हजारो माणसे त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार कशी झाली, हे केवळ राजकारणाने सुटत नाही.

विजयदुर्गातच उलट उदाहरणही आहे. कान्होजी आंग्रे 1729मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबागला. त्यांचे पुत्र सरखेल संभाजी यांची समाधी इथून जवळच, गिर्ये-रामेश्वराच्या देवळाच्या आवारात आहे. त्यांच्यामागून आलेल्या तुळाजींचे आरमार फेब्रुवारी 1756मध्ये वॉटसनच्या माऱ्यात या खाडीत जळाले, किल्ला गेला, आणि तुळाजींनी उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत काढले. ज्यांच्या दरार्‍याने परदेशी जहाजे या किनाऱ्याजवळून जपून जात, त्या घराण्यातल्या एकाला देवाच्या दारात दगडी समाधी आणि दुसऱ्याला तुरुंग. आणि 1756च्या त्या आगीत गलबतांवरचे जे खलाशी गेले, त्यांना चिताही नाही, समाधीही नाही. खाडीत आजोबा-पणजोबांच्या अस्थी सोडताना आपण त्यांच्याच पाण्यात उतरतो, हे कोणाच्या मनात येत नाही.

विसाव्या शतकात हे सारे पुन्हा हलले. गांधीजींच्या अस्थी देशभर वाटल्या गेल्या, आणि 12 फेब्रुवारी 1948ला प्रयागला मुख्य विसर्जन झाले. एक कलश तर थेट 30 जानेवारी 2008ला मुंबईच्या समुद्रात सोडला गेला. साठ वर्षे तो राहिला होता. नेहरूंनी 1954च्या मृत्युपत्रात वेगळेच मागितले. मूठभर राख गंगेत, तीही धर्मभावनेने नव्हे. बाकीची विमानातून शेतांवर उधळावी, जिथे शेतकरी राबतात. 1964मध्ये तसे झाले. इंदिराजींची राख 1984च्या नोव्हेंबरात हिमालयाच्या शिखरांवर सोडली गेली. थोरांनी असे केले की ते वर्तमानपत्रात येते. सड्यावर गुरे राखणाऱ्याने तेच मागितले की 'चलाचा नाय'.

अलीकडे सांगली, सातारा, कोल्हापूर या बाजूला अनेक गावांत रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन त्यावर आंबा, नारळ लावतात. कृष्णा-पंचगंगेची अवस्था पाहता हे चांगलेच. ते झाड त्या माणसाच्या राखेवर वाढते, असे म्हणतात तेव्हा मात्र मला थोडे थांबावेसे वाटते. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागते. मडक्याबाहेर उरते ती राख बहुतेक लाकडाचीच. कोकणात तर ते लाकूड पुष्कळदा परसातल्या आंब्याचे असते, जाणाऱ्याच्या बापाने लावलेल्या.

या लाकडाच्या विचारानेच माझी गाठ सुटली. सूत्रे पाहिली तर सारा काळजीचा भाग अस्थींचा आहे. कोणत्या बोटांनी उचलायच्या, कशात भरायच्या, कुठे ठेवायच्या. राखेला तेवढी बंधने नाहीत. आपण बोलताना 'अस्थी' आणि 'राख' एकच समजतो. भटजींचा आक्षेप अस्थींपुरता होता आणि म्हाताऱ्याने मागितले होते ते राखेपुरते.

हे मला तेव्हा, त्या सहा दिवसांत, माहीत असते तर बरे झाले असते. नव्हते. त्यांनी आपापल्या शहाणपणाने तोडगा काढला. दहाव्याला थोरल्याने अस्थी खाडीच्या तोंडाशी सोडल्या. नाशिकचा विषय बहिणीनेच सोडला. धाकट्याने चितेच्या जागेवरची चार ओंजळी राख एका डब्यात घेतली आणि एकटाच सड्यावर गेला. कुणाला विचारले नाही, मंत्र नाही. सड्याचा कातळ वरून उघडा दिसतो, पण खळग्याखळग्यांत माती असते, पावसात तिथे गवत येते आणि सीतेची आसवे निळी फुलतात. याच कोकणातल्या सड्यांवर कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी हत्ती, मासे आणि माणसे कोरून ठेवली आहेत. तेव्हा रिकामी जागा ती कधीच नव्हती. म्हाताऱ्याची गुरे बसायची त्या खळग्यात त्याने राख टाकली आणि वर मूठभर नाचणी पसरली. का, ते त्यालाही सांगता आले नाही. मी शतपथातले बी पेरण्याचे त्याला सांगितले ते दोन वर्षांनी, तेव्हा तो नुसता हसला.

गेल्या श्रावणात आम्ही दोघे तिथे गेलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. गवत कमरेइतके. त्याने बराच वेळ फिरून पाहिले, दोन-तीन खळग्यांपाशी थांबला, मान हलवली. "हंयच खंयतरी," म्हणाला. मग आम्ही कातळावर बसून डब्यातली भाकरी खाल्ली आणि खाली उतरलो.