दुसरा आवाज: टाळकऱ्यांपासून पेडलपर्यंत

हिंगोली जिल्ह्यात बसून गिटारच्या पेडलचा इतिहास सांगायचा म्हटल्यावर काही जणांना नवल वाटेल. पण हा विषय इथलाच आहे असं आम्हाला वाटतं. नर्सी इथून लांब नाही. परंपरेनं ते नामदेवांचं जन्मगाव. आणि कीर्तनात जे कानाला रोज ऐकू येतं, तेच पेटीत भरायचा खटाटोप म्हणजे आजचा विषय.

कीर्तनकार चरण म्हणतो. मागं उभे असलेले टाळकरी तोच चरण उचलतात. चाल एक, शब्द एक, सूरही एकच म्हणू. पण नीट कान दिला तर कुणी केसभर आधी आलेला असतो, कुणी मागाहून, कुणाचा षड्ज किंचित उतरलेला. ही चूक आहे असं आपल्याला वाटत नाही. उलट आवाज भरल्यासारखा, रुंद झाल्यासारखा वाटतो. पोवाड्यातले झीलकरी हेच करतात. एकाच माणसाचा आवाज वीस पटीनं मोठा केला तरी हा भरीवपणा येत नाही, हे भोंग्यावर भजन ऐकलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

असं का होतं? आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे तीन मीटर मागं उभ्या असलेल्या टाळकऱ्याचा आवाज नुसत्या अंतरामुळंच नऊ मिलिसेकंद उशिरा येतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं 1949 च्या आपल्या प्रबंधात दाखवलं, की तीसेक मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज कानाला वेगळा ऐकू येत नाही. तो पहिल्यातच मिसळतो. त्याच्या पुढं गेलं, की हळूहळू तो प्रतिध्वनी व्हायला लागतो. आपल्या मंडळांच्या साउंडवाल्यांचा घोळ इथंच होतो. त्यांना आवाज भरीव करायचा असतो आणि ते 'इको'चं बटण फिरवतात. मग देवळात बसूनही विहिरीत बसल्यासारखं वाटतं.

आता रेकॉर्डिंगकडं येऊ. ग्रामोफोनच्या काळात गायक कर्ण्यापुढं उभा राहायचा, तीनेक मिनिटांत जे गाईल ते तबकडीवर. दुसऱ्यांदा त्यावरच गायची सोय नव्हती. अमेरिकेत लेस पॉलनं 1940 च्या दशकात एका तबकडीवरून दुसरीवर उतरवत, दरवेळी नवा भाग वाजवत, स्वतःचीच साथ स्वतः केली. पुढं टेप आली तशी ही वाट रुंदावली. गायक एकदा गातो, तेच ऐकत पुन्हा गातो, दोन्ही एकत्र वाजवायचे. हे डबल ट्रॅकिंग. गंमत अशी, की तोच माणूस असूनही दोन गाणी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. तेच हवं असतं.

मुंबईत राहुलदेव बर्मन यांनी 1967 च्या 'बहारों के सपने' मध्ये लताबाईंचा आवाज लताबाईंच्याच आवाजावर चढवला. पुढं 1987 च्या 'इजाज़त' मध्ये 'क़तरा क़तरा' हे गाणं आशाबाईंकडून असंच दोन थरांत घेतलं. पण एक फरक लक्षात घ्या. तिथं दुसरा आवाज वेगळी ओळ घेऊन येतो, पहिलीला उत्तर देतो. तंत्र तेच, पण हेतू निराळा. टाळकऱ्यांचं काम म्हणजे तीच ओळ पुन्हा म्हणणं. आज आपण बोलतोय ते त्याबद्दल.

ते काम लंडनमध्ये यंत्रावर सोपवलं गेलं 1966 मध्ये. बीटल्सना, त्यातही जॉन लेननला, प्रत्येक गाणं दोनदा गायचा कंटाळा होता. ईएमआय स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी तोडगा काढला. गायकाचा आवाज दुसऱ्या टेपयंत्रावर घ्यायचा आणि काही मिलिसेकंदांच्या फरकानं मूळ आवाजाजवळ आणून ठेवायचा. पण नुसती नक्कल मागं ठेवली तर आवाज निर्जीव होतो. म्हणून दुसऱ्या यंत्राचा वेग ऑसिलेटरनं हातानं कमीजास्त करायचा. म्हणजे बघा, माणसाची चूक काढून टाकली आणि मग ती हातानं परत घातली.

पेडलमध्ये हे सगळं मावलं ते फिलिप्स कंपनीच्या सँगस्टर आणि टीअर यांच्या 1969 च्या कल्पनेमुळं. नाव 'बकेट ब्रिगेड'. स्लॅब टाकताना घमेली हातोहात कशी जातात, तसं. आवाजाचा विद्युतभार एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. माणसं जितकी जास्त आणि हात जितके सावकाश, तितका उशीर. मात्सुशिताच्या एमएन3005 या चिपमध्ये 4096 टप्पे होते. घड्याळाच्या गतीनुसार साधारण 20 ते 205 मिलिसेकंद उशीर मिळायचा. 1976 मध्ये बॉसचा सीई-1 हा कोरस पेडल आला. त्यात उशीर सतत हलता ठेवला होता, म्हणून सूरही किंचित डुलतो.

हातात साधा डिले पेडल असेल तर वेळ 25 ते 40 मिलिसेकंद, रिपीट किंवा फीडबॅक अगदी शून्य, दुसऱ्या आवाजाची पातळी मूळ आवाजाहून थोडी खाली. मॉड्युलेशन असेल तर नावापुरतं. गिटारला हे छान चालतं. गळ्यासाठी मात्र माइक थेट पेडलमध्ये खुपसू नका. मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून न्या, कारण पातळ्या जुळत नाहीत. मूळ आवाज डाव्या स्पीकरला, दुसरा उजव्याला दिला तर उत्तम. पण आपल्याकडं बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच भोंग्यात जातात. तिथं दोन आवाजांच्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना खातात आणि गाणं पोकळ, पाइपातून आल्यासारखं लागतं. अशा वेळी पेडल बंद केलेला बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी एक गोष्ट आम्हाला जास्त टोचते. जिल्ह्यात जुन्या चाली म्हणणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर, छोट्या स्टुडिओत होतंय, ही चांगलीच गोष्ट. पण घेतानाच त्यावर इको, कोरस, डबलर चढवला जातो, 'कॅसेटसारखं' वाटावं म्हणून. मग पुढं कुणाला ती चाल शिकायची असेल, हरकत नेमकी कुठं घेतली, श्वास कुठं तोडला हे ऐकायचं असेल, तर ते त्या थरांखाली गेलेलं असतं. कोरा आवाज आधी जपून ठेवा. पेडल उद्याही लावता येतो, पण एकदा आवाजात मुरलेला तो काढता येत नाही. आणि शक्य असेल तिथं त्याच बाबांना तीच ओळ पुन्हा म्हणायला सांगा. दुसऱ्या खेपेला ते चाल थोडी बदलतील. बदलू द्या, दोन्ही ठेवा.

अलीकडच्या टीसी इलेक्ट्रॉनिकच्या मिमिक या पेडलवर एक बटण आहे: किती जण सोबत हवेत, एक, दोन की तीन. शेजारी आणखी एक, 'टाइटनेस' नावाचं. ते उलटं फिरवलं की सोबतचे वादक ढिले पडतात, मागंपुढं होतात. नर्सीच्या कुठल्याही टाळकऱ्याला हे बटण कशासाठी आहे ते सांगायला लागणार नाही.