नर्मदाकाठच्या आख्यायिका

नर्मदेच्या दक्षिणेस शालिवाहन शक आणि उत्तरेस विक्रम संवत, असे आपल्याकडील जुनी माणसे सांगत असत. काळ मोजण्याची रीत जिच्या काठावर पालटते, अशी ही नदी. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या हर्षवर्धनाला अडविले, तेव्हा हर्षाच्या राज्याची दक्षिण मर्यादा नर्मदाच ठरली. त्या विजयाचे वर्णन इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात कोरलेले आहे. पुढे अठराव्या शतकात मराठी फौजा नर्मदापार झाल्या आणि दिल्लीचे राजकारण पालटले. त्या फौजांचा नायक पहिला बाजीराव याने १७४० साली देह ठेवला तोही याच नदीच्या काठी, रावेरखेडी येथे.

इतिहासकाराला नर्मदा अशी सीमारेषेच्या रूपाने भेटते. काठावरचा शेतकरी, नावाडी आणि परिक्रमावासी मात्र तिला एक मानी मुलगी समजतात, आणि तिच्या रुसव्याची कथा सांगतात. त्या खोऱ्यात जाणाऱ्या प्रवाशाने देवळांची यादी जरूर जवळ ठेवावी. परंतु तिच्याआधी ही कथा ऐकावी.

कथा अशी. मेकल पर्वताची कन्या नर्मदा हिचा विवाह शोणाशी ठरला. हा शोण नदी नव्हे, नद. वर कसा आहे हे पाहून येण्यासाठी नर्मदेने न्हाव्याची मुलगी जोहिला हिला धाडले, आणि जाताना आपली वस्त्रे व अलंकार तिच्या अंगावर घातले. शोण त्या शृंगाराला भुलला. जोहिलाही मोहात पडली. वाट पाहून थकलेली नर्मदा स्वतः निघाली, तो तिने त्या दोघांना एकत्र पाहिले. तिने तत्क्षणी पाठ फिरविली, ती पश्चिमेकडे वाहू लागली, आणि जन्मभर कुमारिका राहिली. जबलपूर भागात राहिलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही कथा नोंदविली आहे. त्याच्या नोंदीतील नर्मदा नुसती रुसत नाही. ती एका लाथेने शोणाला पूर्वेकडे ढकलते आणि दुसऱ्या लाथेने जोहिलेला त्याच्यामागे लोटते.

आता नकाशा उघडून पाहावा. अमरकंटकच्या पठारावर नर्मदा उगम पावते आणि पश्चिमेस वळते. त्याच पठारावरील सोनमुडा येथे एक प्रवाह कड्यावरून पूर्वेकडे उडी घेतो, आणि तोच शोणाचा उगम असे यात्रेकरू मानतात. भूगोलतज्ज्ञ शोणाचा उगम तेथून जवळच पेंड्र्याच्या बाजूला दाखवितात. पण तो नद अखेर पूर्वेकडे जाऊन गंगेला मिळतो, याविषयी दुमत नाही. अमरकंटकच्या परिसरातच उगम पावणारी जोहिलाही पुढे शोणाला जाऊन मिळते. ज्या कोणी ही कथा प्रथम रचली, त्याने तिन्ही प्रवाह पायांनी तुडविले असले पाहिजेत. विंध्य आणि सातपुडा यांच्यामधील भूमी खचून झालेल्या दरीतून नर्मदा पश्चिमेस वाहते, असे भूशास्त्र सांगते. लोकांनी त्याच प्रश्नाला मानभंगाचे उत्तर दिले. एक गोष्ट मात्र मनाला खटकते. दागिने घालून पाठविले राजकन्येने, भुलला राजपुत्र, आणि काही कथनांत अपवित्र ठरले ते जोहिलेचे पाणी! न्हाव्याच्या त्या मुलीची बाजू एकाही कथेकऱ्याने मांडलेली नाही.

कुमारिका असल्यामुळेच नर्मदा गंगेहून पवित्र, अशी काठावरच्या लोकांची श्रद्धा. लोकांची पापे धुऊन काळवंडलेली गंगा वर्षातून एकदा काळ्या गाईच्या रूपाने येते, नर्मदेत न्हाते आणि शुभ्र होऊन परत जाते, असे ते सांगतात. काशीच्या रहिवाशाला हे कितपत रुचेल, कोण जाणे.

भेडाघाटाला संगमरवरी कड्यांमध्ये नदी एके ठिकाणी इतकी आकुंचित होते की, पूर्वी वानर तेथून पलीकडे उडी मारीत. म्हणून त्या जागेला बंदरकूदनी म्हणतात. जवळचे तेवर हे गाव म्हणजे कलचुरी राजांची त्रिपुरी. शंकराने जाळलेल्या त्रिपुरांशी लोक तिचे नाते जोडतात. १९३९ साली सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच भूमीवर भरले होते.

महेश्वरला मात्र पाय रेंगाळतात. अनेक विद्वानांच्या मते हीच प्राचीन माहिष्मती. सहस्रार्जुनाने जलक्रीडा करताना आपल्या हजार हातांनी नर्मदेचा प्रवाह अडविला. पाणी उलटे चढले आणि काठावर शिवपूजा करीत बसलेल्या रावणाची पूजासामग्री वाहून गेली. संतापलेला रावण युद्धाला आला आणि स्वतःच बंदिवान झाला. रामायणाच्या उत्तरकांडात ही कथा आहे. परंतु तिची जागा महेश्वरचे लोक बोट दाखवून सांगतात. गावापासून थोड्या अंतरावर काळ्या कातळात नदी अनेक धारांनी फुटते, ती सहस्रधारा. राजाच्या बोटांच्या फटींतून निसटलेले ते पाणी, असे नावाडी सांगतो, आणि ते दृश्य पाहिल्यावर त्याच्याशी वाद घालण्याची इच्छा उरत नाही.

याच घाटावर अहल्याबाई होळकरांनी राज्य केले. नगर जिल्ह्यातील चौंडीची ही कन्या १७६७ पासून १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार पाहत होती. तिची पत्रे आहेत, तिने बांधलेले घाट आहेत, तिने वसविलेला विणकरांचा धंदा आजही चालू आहे. एवढा पुरावा असूनही तिच्याभोवती आख्यायिका जमलीच. तिचा पुत्र मालेराव याच्या रथाखाली एक वासरू मेले, त्या गाईला न्याय देण्यासाठी अहल्याबाईने स्वपुत्राला देहदंड फर्माविला, आणि त्या वेळी ती गायच आडवी आली, अशी कथा इंदूर-महेश्वरकडे भक्तिभावाने सांगतात. इतिहास सांगतो तो असा की, मालेराव १७६७ मध्ये मनोविकाराच्या दुखण्याने वारला. मग ही कथा आली कुठून? तमिळ देशात तिरुवारूरचा मनुनीती चोळ याची हीच कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तोच रथ, तेच वासरू, न्याय मागणारी तीच गाय. न्यायी राजाची कथा देशभर हिंडत असते आणि योग्य माणूस भेटला की त्याच्या घरी मुक्काम करते. अहल्याबाईच्या दारी ती थांबली, हे त्या साध्वीच्या न्यायबुद्धीविषयी प्रजेने दिलेले मत आहे. घटना म्हणून तिच्यावर विश्वास ठेवू नये. मत म्हणून तिला कमी लेखू नये.

या खोऱ्यातील कथांचा एक विशेष म्हणजे प्रत्येक कथेला स्वतःची जागा असते. डोह, कातळ, घाट दाखविता आला की कथा पुरी होते. म्हणूनच गेल्या काही दशकांत मोठ्या धरणांनी जे बुडविले, त्यात कथांच्या जागाही गेल्या. नर्मदेतील प्रत्येक कंकर हा शंकर, असे लोक म्हणतात. पाण्याच्या वेगाने घोटून गुळगुळीत झालेली बाणलिंगे ज्या धावडी कुंडात मिळत, ते कुंड आता जलाशयाच्या पोटात आहे. बकावाँ गावचे कारागीर आज दगड घासून शिवलिंगे घडवितात. जे काम नदी करीत असे, ते हातांकडे आणि यंत्रांकडे आले.

खाली शूलपाणीची झाडी होती. परिक्रमावासीयांना तिचा मोठा धाक वाटे. तेथील भिल्ल यात्रेकरूंना लुटीत, अंगावरची लंगोटी तेवढी ठेवीत. आणि तेही नर्मदामाईच्याच आज्ञेने, संग्रहाचा मोह सुटावा म्हणून, असे लुटले गेलेले साधूच सांगत! याच झाडीत चिरंजीव अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत हिंडतो, अशी समजूत आहे. सरदार सरोवराची पायाभरणी १९६१ साली झाली, २०१७ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले, आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरला. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर त्याआधीच पाण्याखाली गेले होते. देवाची स्थापना गोरा येथे नव्या मंदिरात झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा काठ येतो तो नंदुरबार जिल्ह्यापुरता, आणि तेथील मणिबेलीसह तेहतीस गावांना या पाण्याची झळ लागली. देवाला नवे देऊळ बांधता येते. भिल्ल-पावरांच्या गावदेवांचे तसे नसते. त्यांचा देव एखाद्या झाडात, एखाद्या दगडात, एखाद्या खिंडीत असतो, आणि ती खिंड उचलून नव्या वसाहतीत नेता येत नाही. वसाहतीत वाढणाऱ्या मुलाला आजा कथा सांगेल. पण बोट कोठे दाखवील?

अश्वत्थामा मात्र बुडालेला नाही. परिक्रमेची वाट जलाशयाला वळसा घालून डोंगरांवरून जाऊ लागली, तशी त्याची कथाही वर चढली. वाट चुकलेल्या यात्रेकरूला एक उंच, अबोल पुरुष भेटला आणि रस्ता दाखवून दिसेनासा झाला, अशा हकिकती आजही ऐकू येतात.

परिक्रमेचा नियम असा की, नदी नेहमी उजव्या हाताला ठेवावी आणि तिचे पात्र कोठेही ओलांडू नये. दोन्ही काठ मिळून सुमारे २६०० किलोमीटरची ही वाट. विधिपूर्वक चालणाऱ्याला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. दक्षिण तीरावरून उत्तर तीरावर जायचे ते नदी संपल्यावर, समुद्रातून. याच मुखावरचे भडोच म्हणजे भृगुऋषींचे भृगुकच्छ आणि ग्रीक व्यापाऱ्यांचे बारिगाझा. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर येथून माल या बंदरात येत असल्याचे लिहिले आहे. तेथील भरती-ओहोटी इतकी अवघड की, राजाच्या चाकरीतील कोळी पुढे जाऊन परदेशी गलबतांना वाट दाखवीत, असेही त्यात म्हटले आहे. आज विमलेश्वराहून मिठी तलाईकडे जाणारे परिक्रमावासी नावेपाशी जमतात, तेही भरतीची वेळ विचारूनच. पाणी चढेपर्यंत नावाडी नाव सोडीत नाही, आणि मधल्या वेळात नर्मदेच्या रुसव्याची गोष्ट कोणीतरी काढतोच.