ध्रुवप्रभा, चुंबकसूची आणि अग्निबाण

पेडणे-डिचोलीच्या आकाशात ध्रुवप्रभा उगवत नाही. सूर्याकडून येणारे विद्युत्‌भारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवप्रदेशांकडे वळतात, शंभर किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवरील विरळ हवेवर आदळतात आणि ती हवा हिरवी-तांबडी उजळते. हा सोहळा आपल्यापासून फार दूरचा खरा. तथापि त्याच्या अभ्यासात आपल्या किनाऱ्याचा वाटा लहान नाही, हे आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकसूचीचे वेध घेतले जाऊ लागले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचा कारभार पाहिला. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी तारुण्यातील काही वर्षे तेथेच वेध घेण्यात वेचली. सप्टेंबर १८५९ मध्ये प्रचंड चुंबकीय वादळ झाले, तेव्हा तेथील क्षैतिज चुंबकबल सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली. ४ फेब्रुवारी १८७२ रोजी तर ध्रुवप्रभा प्रत्यक्ष मुंबईतून दिसली. पुढे ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले. त्या विजेने सूची विचलित होऊ नये म्हणून १९०४ मध्ये हे वेध अलिबागेस हलविण्यात आले.

चुंबकसूची वादळाची वर्दी देते. परंतु वरच्या हवेतील उष्णतेचे पुढे काय होते, हे ती सांगू शकत नाही. त्या उष्णतेचा मोठा भाग अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. पेटत्या समईच्या बाजूस तळहात धरला असता जी अदृश्य ऊब जाणवते, ती या किरणांचीच. खालच्या हवेतील बाष्प व कार्बन डायॉक्साइड यांतील बरेचसे किरण शोषून घेतात. फुगे तितक्या उंचीवर पोचत नाहीत आणि उपग्रह त्याहून वर फिरतात. म्हणून अलास्कातील पोकर फ्लॅट येथून १९७० नंतरच्या काळात अवरक्तमापक घेऊन अग्निबाण सोडण्यात आले. मापक स्वतः उबदार असेल तर त्याचेच किरण मापात मिसळतील. यास्तव तो द्रवरूप वायूंनी अतिशीत करीत. ध्रुवप्रभेने तापलेल्या हवेतील नायट्रिक ऑक्साइड ५.३ मायक्रॉनच्या किरणांनी उष्णता अवकाशात सोडून देतो, हे अशा वेधांनी आणि पुढे उपग्रहांनी दाखविले. वादळात फुगलेली हवा उपग्रहांची गती अडविते. ती पुन्हा निवते कशी, याचे उत्तर येथे मिळते.

गोमंतकाचा संबंधही येथेच येतो. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आज अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ व ‘भारती’ आणि उत्तरेकडील ‘हिमाद्री’ ही ठाणी सांभाळते. ‘हिमाद्री’ ज्या नी-ओलेसुंड गावी आहे, तेथे ध्रुवप्रभेच्या वेधासाठी अग्निबाण सोडण्याचा नॉर्वेचा तळही आहे.

कुलाब्याची १८५९ ची नोंद २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्याने तपासली आणि तसे वादळ पुन्हा झाल्यास त्याचा जोर किती असेल, हे ताडण्यास ती प्रमाण ठरली. ज्यांनी ते आकडे लिहिले त्यांना असे वेधक अग्निबाण ठाऊक नव्हते, उपग्रहही नव्हते. त्यांनी नेमलेल्या वेळी सूची पाहिली आणि दिसले तेवढेच प्रामाणिकपणे लिहिले. तेवढ्याने त्यांचे काम दीडशे वर्षे टिकले.