अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या पकडीचे मोजमाप
अनेक दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णांची स्नायुशक्ती झपाट्याने क्षीण होते. ती अजमावण्यासाठी हातापायांच्या १२ स्नायुगटांना प्रत्येकी ० ते ५ गुण देतात. ६० पैकी ४८ पेक्षा कमी गुण हे अशक्तपणाचे निदर्शक मानले जातात. मुठीत दाबावयाचा डायनामोमीटर हीच कल्पना थोडक्या वेळात देतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांसाठी ११, तर स्त्रियांसाठी ७ किलोग्रॅमपेक्षा कमी पकड अशक्तपणाची द्योतक ठरविण्यात आली. अशा रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले. मात्र रुग्ण शुद्धीवर असून सूचना पाळत असेल, तरच ही चाचणी विश्वसनीय ठरते. अतिदुर्बल रुग्णाची पकड उपकरणावर शून्यही दिसू शकते. त्याच्या बोटांची किंचित हालचाल मात्र वैद्यांनी स्वतः तपासूनच कळते.