अकोल्यात पळणारा माणूस

आमच्या अकोल्याच्या जन्माची दंतकथाच मुळी एका पळापळीची आहे. मोर्णेच्या काठी अकोलसिंह नावाच्या माणसाला एक ससा दिसला. तो चक्क कुत्र्याच्या मागे लागला होता. सशामागे कुत्रा नव्हे, कुत्र्यामागे ससा! हा शुभशकुन मानून त्यानं गावाभोवती मातीची भिंत घातली. खरंखोटं कोण जाणे. पण दुबळ्यानं केलेल्या पाठलागात शकुन पाहणाऱ्या गावात आपण राहतो, हे मला बरं वाटतं.

पुढे मातीच्या जागी पक्का तट आला. १६९७ साली, औरंगजेबाच्या अमदानीत, असदखानाच्या देखरेखीखाली, म्हणून असदगड. आगरवेशीवरच्या मराठी शिलालेखात मात्र गोविंद आप्पाजींचं नाव आणि १८४३ हे साल. एका किल्ल्यावर दोघांची नावं! आम्हा जुन्या शहरवाल्यांना त्याचं नवल नाही. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी तट पाडला. मधला हवाखाना राहिला, तिथं पुढे शाळा भरू लागली. हवाखाना या नावातच आमचा उन्हाळा भरलेला आहे.

मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीचा तळ अकोल्याला पडून गेला आणि २९ नोव्हेंबरला त्यानं आपल्याच जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. त्या दिवशी आधी त्यानं शत्रूचा पाठलाग न करण्याचं ठरवलं होतं. फौज लांबून चालून आली होती आणि ऊन फार होतं, असं कारण त्याच्या खलित्यात आहे. मंडळी, हे नोव्हेंबर अखेरीचं ऊन! मे महिन्यात आला असता तर खलिता लिहायला तरी उरला असता की नाही, कोण जाणे.

या उन्हात रोज पळणारी माणसं होती, ती डाकेचे हरकारे. खांद्यावर थैला, हातात भाला, भाल्याला घुंगरं. ठरलेल्या टप्प्यापर्यंत पळायचं आणि थैला पुढच्याच्या खांद्यावर द्यायचा. रात्रीच्या अंधारात जनावर दूर राहावं म्हणून घुंगरं वाजती ठेवायची. हे पळणं हौसेचं नव्हतं, पोटाचं होतं. १८६७ मध्ये भुसावळकडून रूळ नागपूरला पोहोचले आणि मोठ्या रस्त्यावरची घुंगरं हळूहळू थांबली.

नंतरच्या काळात जुन्या शहरात पळण्याला वेगळाच अर्थ आला. गल्लीतून कुणी पळत आला की कारण विचारण्याआधी शटर खाली यायचं, आया पोरांना घरात ओढायच्या. मे २०२३ मध्ये जुन्या शहरात दंगल झाली, एकाचा जीव गेला, जमावबंदी लागली. त्या रात्री पळत्या पावलांचा जो आवाज मी ऐकला, तो अजून कानात आहे. कवितेत तो मला आणता आलेला नाही.

आणि अशा गावात डॉक्टरांनी मला पळायला सांगितलं. साखर वाढली होती.

फजरची नमाज झाली की निघायचं असं ठरवलं. पहिल्या दिवशी शंभर पावलंही झाली नसतील, तोच नाक्यावरच्या चहावाल्या भाऊंनी पेटवलेली शेगडी तशीच सोडली आणि शटरला हात घातला. "काहून पयून रायले जी? काई झालं काय तिकडं?"

"काही नाही हो भाऊ. साखर झाली."

ते हसले, पण माझ्यामागे कुणी येतंय का, तेही त्यांनी वाकून पाहिलं.

उन्हाळ्यातलं पळणं मी त्यानंतर शिकलो. आमची हवा कोरडी. घाम आल्याआल्या वाळतो, म्हणून अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. निघण्याआधी माठातलं पाणी प्यायचं आणि ऊन वर येण्याआधी घर गाठायचं. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर ऊब सोडत असतात, त्यामुळे पहाटेसुद्धा गल्ली तव्यासारखी. पण मोर्णेच्या पुलावर आलं की एकदम गार झुळूक अंगाला लागते. ओला सदरा पाठीला गार पडतो. त्या दोन मिनिटांसाठी मी पळतो, साखरेचं निमित्त आता उरलेलं नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसानं असं उघड सांगू नये, पण कधीकधी मी तिथं मोठ्यानं हसतो. श्रावणात याच गावची माणसं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत घेऊन, सुमारे १८ किलोमीटर चालून राजराजेश्वराला येतात. त्यांच्या तोंडावर मी असंच काहीतरी पाहिलेलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात दोन दिवस तापानं अंथरुणावर होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे चहावाले भाऊ दारात उभे.

"दोन दिवस पयले नाई जी? काई झालं काय?"